भरीव नळी

ओटमारनं नळी मुद्दाम भरीव ठेवली.
जस्ताचा ओतीव तुकडा, तोंडाशी फक्त
करंगळीच्या नखाएवढा खळगा.

चाप ओढला की आतली दातेरी पट्टी
गुंडाळीतली पुढची टिकली वर सरकवते,
स्प्रिंग ताणते, घोडा मागे झुकतो
आणि पडतो.
आवाज वरच्या फटीतून जातो, धूरही.
पुढून काहीच निघत नाही.

एक्कावन्नचा हिवाळा, कोबुर्गजवळचा कारखाना,
मी नवा उमेदवार.
म्हटलं, "पट्टी अर्धा मिलिमीटर चुकतेय.
दर सातव्या खेपेला घोडा
दोन टिकल्यांच्या मधे पडतो. नुसतं खट्."

त्यानं कानस खाली ठेवली.
रिकामी डावी बाही
पुन्हा खिशात खोचली.

"असू दे," म्हणाला.
"तेवढ्यात समोरचं पोरगं
झाडामागे पोचेल."