इतर

मंगळवार, दहा फेब्रुवारी एक्क्याऐंशी.
आईच्या हिशेबाच्या वहीतलं पान,
तेलाच्या डागातून बुधवार दिसतो इतकं पातळ.

दूध अर्धा लिटर, एक सत्तर.
मेथी पन्नास पैसे. कांदे किलोभर, सव्वा रुपया.
रॉकेल दोन लिटर, तीन चाळीस.
पाव साठ पैसे. चि.ला पेन्सिल, तीस.
आणि सगळ्यात खाली,
जरा बारीक अक्षरात,
इतर : तीन पंचाहत्तर.
एकूण साडेअकरा.

चि. म्हणजे मी.
इतर म्हणजे काय, हे मला पंचेचाळीस वर्षं सुचलंच नव्हतं.

उथळसरच्या आमच्या चाळीत
प्रत्येक पैशाला नाव होतं.
हिंगाची पुडीसुद्धा हिंग म्हणून लिहिली जायची.
बाबा वागळे इस्टेटमधून सुटून येत,
महिनाअखेरीला लाल रिफिल घेऊन बसत,
ओळीगणिक एक टिचकी.
इतरपुढे टिचकी नाही.
एक प्रश्नचिन्ह आहे,
खालचा टिंब द्यायचा राहून गेलेलं.

त्या दिवशीची बातमी काय होती?
सकाळी रेडिओ म्हणाला, शिरगणती सुरू झाली आहे,
नागरिकांनी सहकार्य करावं.
पिंगळेकाकू म्हणाल्या, उद्या पाणी नाही, पिंपं भरून ठेवा.
शाळेत म्हणे आठवीतल्या कुणाला काविळ.
एवढंच.
देशात आणखी काही घडलं असेल,
ते आमच्या जिन्यापर्यंत आलं नाही.

मी साडेपाचला घरी आलो तर कुलूप.
किल्ली काकूंकडे.
सहाला आई आली,
एका हातात रॉकेलचा डबा, दुसऱ्या हातात मेथी,
म्हणाली, केवढी रांग होती आज!
आणि मेथी निवडायला बसली
कधी नव्हे ती केसांत अबोली माळून.
(अबोली वहीत नाही.
ती कुणी दिली, की दारातूनच तोडली?)

रात्री काकूंकडे टीव्हीचं लाकडी दार सरकलं,
सगळी चाळ जाऊन सतरंजीवर बसली.
आई आली नाही.
डोळे दुखतायत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वैतीगुरुजींनी मला वर्गाबाहेर बोलावलं.
शिरगणतीचं काम त्यांच्याच गळ्यात होतं.
"काल तीनला येऊन गेलो, पुन्हा चारलाही.
तुमचं दार बंद होतं रे.
आणि समोरचं रॉकेलचं दुकानही.
मंगळवारी ते दुपारचं उघडतं कुठे?"

तेव्हा मी फक्त मान हलवली.
आता हिशेब करतो :
स्टेशनरोडच्या थिएटरात बाल्कनी तीन तीस.
तीनचा खेळ.
उरले पंचेचाळीस पैसे,
मध्यंतरात काहीतरी गरम, कागदाच्या पुडीतलं,
एकटीनं, अंधार व्हायच्या आत संपवलेलं.
डबा सकाळीच भरून
कुठल्या दुकानाच्या फळीखाली ठेवला होतास, आई?

पुढची पानं चाळली.
मार्चात इतर दोनदा, दोन्ही मंगळवार, तेवढेच पैसे.
जूनपासून इतर सव्वाचार.
म्हणजे तिकिटं वाढली.
त्याच महिन्यात दूधही वाढलं,
आणि तिनं पाव बंद केले.
इतर बंद केलं नाही.

गुरुजी गुरुवारी परत आले होते.
मी दारात उभा होतो, ऐकत होतो.
नाव? सरोजिनी.
वय? बत्तीस.
काम काय करता?
आई बोलायच्या आत बाबा म्हणाले, काही नाही, घरीच असते.
गुरुजींनी तसं लिहून घेतलं,
आणि आई आत जाऊन
त्यांच्यासाठी चहा टाकू लागली.

काल तिच्यापुढे वही ठेवली.
चष्मा लावून तिनं पान जवळ नेलं, लांब नेलं,
बोट वरून खाली सरकत गेलं,
ओठ हलत राहिले,
एक सत्तर, पन्नास, सव्वा...
शेवटच्या ओळीवर जराही न थांबता
एकूणवर आलं.

"बेरीज चुकलीय का?"
"नाही."
"मग?"