तिम्मिरी

रात्री नऊनंतर काही खायचं नाही, असं
लॅबवाल्या पोरानं फोनवर दोनदा सांगितलं,
कारण पहिल्यांदा मी "काय?" म्हणालो.
तेहतीस वर्षं टॉवेलच्या मागांमध्ये काढलेल्या माणसाला
सगळं दोनदाच सांगावं लागतं.

चार दिवस झाले, शहाण्यासारखा वागतोय.
चहात साखर नाही, भाताला हात नाही,
संध्याकाळी कन्ना चौकापर्यंत चालत जाऊन परत.
सत्तव्वा म्हणते, परीक्षेच्या आदल्या रात्री
पुस्तक उशाशी घेऊन झोपतात पोरं, तसं हे तुमचं.
तीन महिन्यांची साखर रक्तात दिसते म्हणे त्यांना,
नातवाच्या जावळातले बुंदीचे लाडूसुद्धा.

फाईल चादरीच्या पिशवीत असते,
त्याच, जाड प्लॅस्टिकच्या, चेनवाल्या.
चादर लेकीबरोबर गेली, पिशवी राहिली.
आत रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या, आणि पायाचा एक एक्स-रे
जो कुणी कधी मागत नाही.
तरी नेतो.

त्यात आज पाण्याचा दिवस.
सोलापुरात सण चुकेल, पाण्याचा दिवस चुकत नाही.
दीड वाजता नळ आला. बॅरल भरलं, हंडे भरले,
मग त्याच पाण्यानं दगड घेऊन पाय घासत बसलो.
बिराजदार मॅडम पाय बघतात.
गेल्या वेळी बोटांच्या बेचक्यात तूस निघालं, निळं.
"हे काय?"
"टॉवेल आहे, मॅडम. परदेशी चाललाय."
त्या हसल्या.

बिनभोकाचं बनियन एकच आहे, दवाखान्याचं.
शर्ट असा, की बाही कोपराच्या वर सरावी.

राहिलं काय सांगायचं ते.
पगाराच्या पाकिटामागं लिहायला बसलो.
एक : तहान.
दोन : रात्री तीनदा उठणं.
तीनपाशी अडलो.

पायाला जे होतं, त्याला आई तिम्मिरी म्हणायची.
मी शिकलो नगरपालिकेच्या मराठी शाळेत,
मुकादम भेटला कन्नड, हिशेब मराठी, भांडण हिंदीत,
पाय मात्र घरचाच राहिला.
मुंग्या लिहिलं. खोडलं.
मुंग्या चालतात, कुठंतरी पोचतात.
बधिर लिहिलं. पण बधिर तर माझे कान आहेत,
आणि त्यांचं त्यांना काही वाटत नाही.
तिम्मिरी म्हणजे,
पाळी सुटल्यावर, घरी जेवताना, ताटावर बसूनही
माग अंगात खडखडत असतो ना,
तसं. पण आवाज काढून घेतलेलं.
पोटरीपासून खाली.
एवढं पाकिटावर मावेना.
"पायात कसंतरी होतं" असं लिहून टाकलं.
मॅडम विचारतील, कसंतरी म्हणजे कसं?
विचारणारच.

पहाटे सत्तव्वानं पाकीट मागितलं.
गॅसपाशी उभ्या उभ्या, खाली एक ओळ लिहिली,
तेलुगूत, शेंगदाणे मांडल्यासारखी गोल गोल.
चौथीपर्यंत ती त्या शाळेत होती.
मला ती लिपी येत नाही. मॅडमनाही येत नसणार.
"काय लिहिलंस?"
ती काहीतरी बोलली, हळू, पाठमोरी.
"काय?"
दुसऱ्यांदा तिनं सांगितलं नाही.
"तिथं सांगीन," एवढंच ऐकू आलं.

डब्यात दोन भाकऱ्या, शेंगाची चटणी,
दोन तासांनंतरच्या दुसऱ्या रक्तासाठी.
पिशवीची चेन अर्ध्यात अडकली, तशीच राहू दिली.
रिक्षा साडेसातला येणार, आत्ता सात दहा.
उंबऱ्याशी चपलेत पाय घातला
आणि खाली बघितलं,
गेलाय ना आत.

सत्तव्वा बघत होती.