पुरवणी

तेवीस वर्षांनी त्या खेळाला पुरवणी आली.
शनिवारी रात्री स्नेहलतागंजात,
उन्मेष मुंगीच्या पॅथॉलॉजी लॅबवरच्या खोलीत
आम्ही ती उघडून बसलो.
खाली फ्रिजमध्ये रक्ताच्या नळ्या झोपलेल्या,
वर दोनशे चाळीस तारे.

पहिलं मत छाजेडचं, हातातली कचोरी संपायच्या आत:
‘भिया, चित्रं चकाचक केली आणि जीव काढून घेतला.
आधी ग्रह म्हणजे चार ठिपके,
बाकीचा आपण मनात बघायचो.
आता ढगसुद्धा हलतात. मग मला काय काम?’

जफरला एवढंच हवं होतं: जुने डाव उघडतात का.
नाही उघडत.
त्याचा एक डाव दोन हजार एकपासून अर्धा आहे,
शेवटचं जहाज, इंधन शून्य, शत्रूच्या दारात.
त्यानं पुन्हा एकदा विचारलं,
मग बराच वेळ चष्मा पुसत बसला.

मृणाल झोकरकर मत देत नाही, जिंकते.
आज म्हणाली, ‘पान एकतीस वाचा.’

पान एकतीसवर नवा नियम आहे, अंतराचा.
राजधानीपासून बारा उड्यांपलीकडची वस्ती
ऐंशी चालींनंतर बदलायला लागते.
बंड करत नाही. कर पाठवते,
सणाला निशाणही चढवते.
फक्त उत्तरं उशिरा येतात,
आणि त्यांत एखादा शब्द असा असतो
जो राजधानीच्या कोशात नाही.

‘ही चूक आहे, नियम नाही,’ छाजेड.
‘एवढं रक्त आटवून वसवायचं, आणि वर हे?’ उन्मेष.
दहापैकी चार दिले त्यानं,
तेवढ्यात कुणाच्या तरी प्लेटलेट्ससाठी फोन आला
आणि तो खाली पळाला.
मृणालचे नऊ. एक गुण संगीताचा कापला.

मला विचारलं तेव्हा
मी पुण्याच्या आतेबहिणीचा विचार करत होतो.
दिवाळीत फोनवर मी ‘येऊन राहिलो’ म्हणालो
तर ती इतकी हसली की तिनं नवऱ्याला फोन दिला,
म्हणाली, ‘ऐक, ऐक, पुन्हा म्हण.’
आमचा कुणी एक पूर्वज
कुठल्याशा फौजेमागून हिशेबाच्या वह्या घेऊन इकडे आला.
किती उड्या, कुणी मोजल्या नाहीत.
हे काही मी बोललो नाही.
म्हटलं, ‘सात. छपाईच्या चुका फार आहेत.’

त्र्याऐंशीव्या चालीला माझ्या टोकाच्या वस्तीचा निरोप आला:
धान्य पाठवलं आहे. यंदा झिरम चांगलं झालं.
झिरम म्हणजे काय, खेळ सांगत नाही.
खाली दोन बटणं: दुरुस्त करा. राहू द्या.

दुरुस्त केलं की वस्ती परत ताब्यात,
दोन ताफे फुकट मिळतात.
‘दाब ना,’ छाजेड ओरडला, ‘विचार काय करतोस?’
मृणाल माझ्याकडे बघत नव्हती,
तिची जहाजं माझ्या राजधानीवर वळत होती.

मी राहू दिलं.

पावणेदोनला हरलो.
जफर जिन्यावर म्हणाला, जुनं मशीन सापडलं तर सांग,
वायरीही लागतील.
खालून उन्मेषचा आवाज आला,
‘शटर ओढलं का रे?’
‘हो,’ मी म्हटलं, ‘ताला लावून राहिलोय.’