मुंग्या

रात्री आठला माय चष्मा पदराला पुसते
आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसते.
मालिकेतली थोरली आजही रडत नाही.
ती रडत नाही, म्हणून माय रडते.
सोमवारी तिनं शिष्यवृत्तीचं पत्र चुलीत घातलं,
काल पायातले पैंजण मोडले
धाकटीच्या औषधाला.
आज घागर घेऊन निघाली आहे,
मागं सारंगी.

"लेकरानं किती करावं गं," माय म्हणते,
"अन् घरात एकालाबी दिसंना."

कुशावर्ताताई पंचमीला आली आहे, पाथरीहून.
भिंतीला टेकून मूग निवडते.
पडद्याकडं एकदाच बघते, म्हणते,
"घागर रिकामी हाय."
"कशावरून?"
"मान बघ की तिची.
भरल्या घागरीखाली मान अशी वळत नसती."

माय तिला गप्प करते. पुढचं ऐकायचं असतं.

सेलूत तेव्हा आमच्या गल्लीत दोनच टीव्ही.
एक जिनवाल्या काबरांचा, रंगीत, दार लावून बघायचा.
दुसरा आमचा,
अण्णांनी पतपेढीच्या हप्त्यावर आणलेला,
काळा-पांढरा, वर मायनं विणलेला रुमाल.
रविवारी अख्खी गल्ली आमच्या घरात,
चपलांचा ढीग उंबऱ्याबाहेर,
आणि ताई माळवदावर.
अँटेनाचा पाइप सैल होता, वाऱ्यानं कलायचा.
साण्यातून तिचा आवाज यायचा, "आलं का?"
आलं! गेलं! परभणीकडं फिरव जरा!
अगं तिकडं कुठं, जिंतूरकडं!
हां. बस. आता हलू नको.

तिनं हात काढला की पडद्यावर मुंग्या.
म्हणून ती हात काढायचीच नाही.

मी सगळ्यात पुढं, अण्णांच्या मांडीवर.
माझी छाती घरघरायची,
माझ्या श्वासावर सगळ्या घराचा कान.
मला गर्दीत गुदमरायला नको म्हणून
बायका सरकून बसायच्या.

संपल्यावर ती शिडीवरून उतरायची
एकाच हातानं.
"मुंग्या आल्या गं," म्हणायची दुसऱ्याला धरून.
मला वाटायचं, त्या टीव्हीतल्याच असतील,
वायरीतून वर चढलेल्या.

अंथरुणात विचारायची,
"ती हळू बोलती ना, ती बाई दिसती कशी?"
तिला सगळे आवाज पाठ होते.
चेहरा एकाचाही नाही.
मी जांभई देत सांगायचे, "गोरी आहे."
आणि झोपायचे.
ती तव्यावर रुईची पानं तापवून
माझी छाती शेकत बसायची.

नववीत तिचं नाव शाळेतून कधी कमी झालं
मला तारीख ठाऊक नाही.
पत्र नव्हतं, चूल नव्हती, सारंगी नव्हती.
तिचा निळा स्कर्ट
एक दिवस मला बरोबर बसला, एवढंच.
पुढं मी बी.एड. झाले.
पेढे वाटायला तीच गेली होती,
काबरांच्या घरीसुद्धा.

आज वारं सुटलं आहे.
थोरली विहिरीपाशी पोचते न पोचते
तोच डिशचं चित्र अडकतं,
तिच्या तोंडाचे चौकोन चौकोन होतात.
माय सवयीनं मान वर करते,
स्लॅबकडं बघून मोठ्यांदा ओरडते,
"कुशे, फिरव गं जराशीक!"

सुपात मुगाचा हात थांबतो.

"माय," ताई म्हणते, "मी इथं खाली हाय."

चित्र आपोआप परत येतं.
थोरलीनं घागर कठड्यावर ठेवलेली,
आवाज न होता.
माय बघत नाही. चष्मा काढून
पुसायला पदर शोधते, सापडत नाही.
मी उठून चहाचं आधण ठेवते,
साखर किती घालते ती, मला माहीत नाही.
विचारायला वळते तर
ताईनं डावा हात मांडीखालून काढलेला,
हवेत धरून
हळूहळू झटकते आहे.