नारिंगी बंडी

पानेवेझिसच्या जुन्या लिनन गिरणीत
आता धागा निघत नाही.
राखाडी गालिचा अंथरलाय चाळीस पावलं लांब,
त्यावर प्लायवूडचे उंचवटे, पाण्याच्या नळ्यांची वळणं,
आणि बाहेर उणे अठरा.

आठवडाभर मी डेअरीत पाइप जोडतो.
पोलाद कधी ऐकतं, कधी नाही,
ते माझ्या बोटांना न बघता कळतं.
शनिवारी तीच बोटं
दीड मिलिमीटरच्या स्क्रूपुढे
उशिरा आलेल्या पोरासारखी
वर्गाच्या दारात घुटमळतात.

टायरला चोळायच्या औषधाचा वास
कोटात शिरतो, कोटातून घरात.
बायको म्हणते, आलं तुझं अत्तर.
शॉकमधे तेल पस्तीसचं घालावं की चाळीसचं
यावरून इथली दोन माणसं
सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
दोघंही सातवे-आठवे येतात.

रिमव्हिदस दातांचा डॉक्टर.
त्याच्या टेबलावर पांढरा टॉवेल,
टॉवेलवर हत्यारं ओळीने.
सकाळच्या फेरीत त्याने मला तिसऱ्या वळणावर
मागून ढोसलं.
हात वर केला, माफीचा,
पण गाडी थांबवली नाही.
मी बी फायनलमधे गेलो, तो ए मधे.

बी फायनल पाच मिनिटांची.
गाडी दूर जाते तेव्हा डावं ते डावं,
माझ्याकडे वळून येते तेव्हा डावं ते उजवं.
नऊ वर्षं झाली, अजून एखाद्या वेळी
माझ्याच गाडीला समोरून येताना पाहून
माझा अंगठा गोंधळतो.
संगणकातल्या परक्या बाईने
माझं नाव मोडून-तोडून वाचलं:
जेरोनायमस, दहावा.
दहाच जण होतो.

नियम असा, की आपली रेस संपली
की नारिंगी बंडी घालायची
आणि पुढच्यांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करायच्या.
हरलेला असो, जिंकलेला असो,
वळणाशी वाकून उभं राहायचं.
मला तिसरं वळण आलं.

वर फलाटावर दहा जण,
दहाही चेहरे खाली, ओठ घट्ट.
कडेला अकरा वर्षांची ऊग्ने
दुधाच्या क्रेटवर उभी.
(क्रेट आमच्या डेअरीचा. मीच आणलेला.)
शेवटून दुसरी फेरी. रिमव्हिदस पुढे,
पोरगी त्याच्या पाठीला चिकटलेली,
आणि उंचवट्यावरून उतरताना त्याची गाडी
नाकावर पडली, गिरकी घेतली,
माझ्या बुटाशी उताणी झाली.

चारी चाकं हवेत फिरत होती.
मी वाकलेलोच होतो, हात पुढेच होता.
मनात म्हणालो, एक.
दोन म्हणालो नाही,
माझ्या बाजूने सांगण्यासारखं तेवढंच.
मग उचलली. मोटर
नुकत्याच उकडलेल्या अंड्याएवढी गरम.
सरळ केली, सोडली.

ऊग्ने जिंकली. शून्य पूर्णांक चार सेकंदांनी.
तिच्या बापाने तिला क्रेटसकट उचललं.
परक्या बाईने तिचंही नाव मोडलं,
पण पोरीला त्याचं काय.

तिच्यासाठी थांबलो होतो, असं
मी गाडीत बसून स्वतःला सांगून पाहिलं.
काच पुसत दोनदा सांगितलं.
इंजिन थंडीने खोकत राहिलं.

त्याआधी रिमव्हिदस आला होता माझ्या टेबलाशी.
म्हणाला, वळण अवघड होतं,
तू चपळ आहेस, दुसरा कोणी असता
तर दोन सेकंद गेले असते.
आणि माझ्या गाडीखाली डोकावून
म्हणाला, तुझा मागचा हात वाकलाय,
सकाळी माझ्यामुळेच असेल,
हा घे, माझ्याकडे जादा आहे.

काळ्या प्लास्टिकचा तो तुकडा
अजून कोटाच्या खिशात आहे.
बसवलेला नाही.
शनिवार परवावर आलाय.