मागितल्यावर

सक्करदऱ्याच्या वधू-वर मंडळाची वेबसाइट
मीच बघतो. महिन्याचे पंधराशे,
आणि मेळाव्यात जेवण.

आधी असं होतं: फोटो आला रे आला
की त्याच्या सात प्रती पाडायच्या.
यादीत नखाएवढी, पानावर तळहाताएवढी,
मोबाइलला वेगळी, छापील पुस्तिकेला वेगळी.
कुणी विचारायच्या आत सगळ्यांचं सगळं तयार,
पाहुणे ठरायच्या आधीच पानं वाढून ठेवल्यासारखं.
मे महिन्यात डिस्क भरली.
धकाते काका फोनवर: "अबे, एवढं काय भरून ठेवलं तू?"

मग नियम बदलला.
फक्त मूळ फोटो ठेवायचा, आला तसा.
कुणी उघडला, की हव्या त्या मापात
तिथल्या तिथे कापून, दाबून द्यायचा
आणि ती प्रत बाजूला ठेवायची, पुढच्यासाठी.
जुन्या प्रती सगळ्या पुसल्या.
पंचेचाळीस डिग्री, कूलरचा वाळा वास मारत होता,
आणि डिस्क दुपारच्या इतवारीसारखी रिकामी.

हे मात्र सुचलं नव्हतं मला,
की आता फोल्डर बघितला तरी कळेल
कुणाला मागणी आहे.
निखारे, इंजिनियर, पुण्यात नोकरी:
सातही मापं, पहिल्याच रात्री.
आणि सतरा जण असे
की मूळ फोटोशेजारी काहीच नाही.
त्यात रेवती हेडाऊ, वय छत्तीस, यादीचं शेवटचं पान.
अकरा एमबी. दोन महिने झाले,
नखाएवढीसुद्धा प्रत नाही.

रात्री दीडला मी तिचं पान उघडलं.
सव्वा सेकंद पांढरा चौकोन.
मग गांधीसागरचा कठडा,
काखेत हेल्मेट, उन्हाने बारीक झालेले डोळे,
फोटो काढणाऱ्याला काहीतरी सुनावायच्या बेतात.

फोल्डरमध्ये एक प्रत पडली, साठ केबी.
खोटीच म्हणायची. मी काही स्थळ बघायला
आलेलो नव्हतो.
पुसायला गेलो,
आणि तशीच राहू दिली.

सकाळी पुन्हा काका:
"साइट हळू चालून राह्यली बे.
एक फोटो तर उघडायलेच वेळ लावते."
कोणता, ते सांगितलं नाही त्यांनी.
मी म्हटलं, काका,
पहिल्यांदा मागणाऱ्याले थांबावं लागते.