शेरा : पडीत

पिवळी नदीच्या अलीकडे, जिथं आता
श्रमसाफल्यचा तिसरा लेआउट आहे,
तिथं मी साखळी ओढत होतो, एकोणऐंशी साली.
पाय पोटरीपर्यंत आत गेला.
बांधावरून दशरथ मारबते ओरडला,
"ओ भाऊ, तिकून नोका जाऊ,
तिथं नदी झोपते."

मी साधा चेनमन. साहेबांनी विचारलं,
शेऱ्यात काय लिहायचं?
मीच म्हणालो, पडीत लिहा.

पडीत म्हणजे
दशरथचे शिंगाड्याचे वेल,
कुणी न पेरलेलं देवधान,
पानांवरून चालत जाणारा कमळपक्षी
आणि नदीला न मावलेलं पाणी.
ते यायचं, बसायचं,
आसपासच्या विहिरींना थोडं थोडं देत
पोळ्याच्या पुढंमागं निघून जायचं.

मग मुरूम आला, ट्रकांनी.
प्लॉट पडले, आरएल मिळाले,
सिमेंटचा रस्ता झाला, घरांच्या जोत्याहून हातभर उंच.
नाल्यावर स्लॅब,
स्लॅबवर गुपचूपचा ठेला.

त्या रात्रीचा पाऊस मोठा होता,
पण असे पाऊस मी पाहिलेत.
पाणी अडीच वाजता आलं,
दारातून नाही, मोरीतून, आवाज न करता.
कुसुम हेडाऊचा फ्रिज तरंगत गेला
आणि दाराला आडवा पडला.
सासऱ्याला तिनं आधी ओट्यावर,
मग माळ्यावर चढवलं.
मशीन खालीच राहिली,
लोकांच्या सतरा ब्लाउजांसकट.
त्यातल्या नऊ जणींचे पैसे फिटलेत.

परवा महापालिकेची इंजिनीअर मुलगी घरी आली,
"काका, जुना उतार तुम्हालाच ठाऊक."
गेलो. कुसुमच्या भिंतीवर पाण्याची रेघ होती,
खिडकीपासून खिडकीपर्यंत.
इतकी सरळ रेघ मला कधी जमली नाही.

ती म्हणाली, नदीला भिंत बांधू.
म्हटलं, बांधा,
मग पलीकडच्या झोपड्यांना आधी सांगून ठेवा.
त्यापेक्षा तो स्लॅब फोडा.
आणि हे मैदान दोन हात खोल करा.
आठ महिने पोरं क्रिकेट खेळतील,
चार महिने नदी झोपेल.
"आणि इथले प्लॉटवाले?"
त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तिनं डायरीत काहीतरी लिहिलं,
एकच शब्द असावा.
चष्मा घरी राहिला होता,
मला वाचता आला नाही.